घरगुती विजेवर एलईडी दिव्यांची माळ

गणेशोत्सव जवळ आला की गावोगावच्या मंडपांवर, शाळांवर आणि ग्रामपंचायतींच्या इमारतींवर दिव्यांच्या माळा झळकू लागतात. पूर्वी या माळांत तारेचे बारीक बल्ब असत. आता त्यांची जागा एलईडीने घेतली आहे. वीज कमी लागते आणि दिवा हाताला तापत नाही, म्हणून ही माळ निर्धोक असते, असा समज रूढ झाला आहे. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची असून तिची सेकंदाला ५० आवर्तने होतात. क्षणिक कमाल दाब तर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. उलट, एका पांढऱ्या एलईडी दिव्यास साधारण ३ व्होल्ट पुरतात, तांबड्यास दोनच. हा दिवा प्रवाह एकाच दिशेने वाहू देतो. शिवाय दाब किंचित वाढला तरी त्यातील प्रवाह झपाट्याने वाढतो. तारेच्या बल्बात तसे होत नाही, कारण तार तापली की तिचा रोध आपोआप वाढतो. म्हणून एलईडीच्या बाबतीत दाबापेक्षा प्रवाह आवरण्यास अधिक महत्त्व आहे.

दिवे एकसरीत जोडून सोबत रोधक बसविणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग होय. ढोबळ हिशेब असा : दहा पांढऱ्या दिव्यांना मिळून ३० व्होल्ट लागतील, उरलेले २०० व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. २० मिलिअँपिअर प्रवाहासाठी तो १०,००० ओहमचा हवा आणि त्यात ४ वॅट उष्णता निर्माण होणार. प्रत्यक्ष दिव्यांत खर्च होतात केवळ ०.६ वॅट. काटकसरीचा हा प्रकार चमत्कारिकच म्हणावा लागेल!

म्हणून पुष्कळ स्वस्त माळांत व बल्बांत रोधकाऐवजी कपॅसिटर वापरतात. ०.४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्टवर सुमारे ३४ मिलिअँपिअर एवढाच प्रवाह जाऊ देतो आणि स्वतः फारसा तापत नाही. पुढे चार डायोड लावून प्रवाह एकदिश केला की काम भागते. खरा धोका मात्र येथेच आहे. दिवे आणि घरची वीज यांच्यामध्ये कसलाही विद्युत्-अडसर नसतो. दिव्याच्या दोन टोकांतील दाब ३ व्होल्ट असला, तरी जमिनीच्या मानाने तेच टोक २३० व्होल्टच्या आसपास असू शकते. पावसात भिजलेल्या मंडपात लोखंडी खांबाला घासून वायरचे आवरण सोलले गेले, तर खांबाला हात लावणाऱ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. कपॅसिटरला समांतर रोधक नसल्यास, काढलेल्या प्लगच्या पिनांनाही काही काळ झटका बसतो.

माळेतील एक दिवा गेला की तो वगळून वायर जोडण्याची पद्धत गावोगावी दिसते. जेथे रोधकच प्रवाह आवरतो, अशा माळेत प्रत्येक वगळलेल्या दिव्यागणिक उरलेल्या दिव्यांतील प्रवाह वाढतो आणि तेही लवकर निकामी होतात. मग पुन्हा एक दिवा वगळला जातो.

सार्वजनिक जागी १२ व्होल्टची पट्टी आणि भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी झालेला ॲडॉप्टर ही जोडी अधिक भरवशाची ठरते. चांगल्या ॲडॉप्टरमध्ये लहानसे रोहित्र असते. त्याच्या दोन वेटोळ्यांमधील विद्युत्-रोधनामुळे घरची वीज पट्टीपर्यंत पोहोचत नाही. मीटरला ४.८ वॅट घेणारी ५ मीटरची पट्टी २४ वॅट, म्हणजे २ अँपिअर घेते, तिला २.५ अँपिअरचा ॲडॉप्टर असावा. तो स्वतः मात्र छपराखाली, कोरड्या जागी ठेवावा लागतो. पट्टी लांब झाली की दूरचे टोक मंद दिसते, तेव्हा दोन्ही टोकांकडून वीज द्यावी.

मंडपाच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावा व त्याचे चाचणी-बटन दाबून पाहावे. जमिनीकडे गळणारा प्रवाह तो तत्काळ तोडतो. परंतु एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आल्यास तो सहसा उपयोगी पडत नाही.