लोकगायकांची मुंबई : लेखांक ७
एक पोपट आणि कॅसेटचे युग

गेल्या लेखांकात आपण आंबेडकरी जलशांचा विचार केला; त्याच परंपरेच्या अंगणात वाढलेल्या एका तरुण गायकास एकाच गाण्याने महाराष्ट्राच्या घराघरांत कसे नेले, हा आजचा विषय आहे. १९८० च्या दशकात आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ हे गाणे कॅसेटवर निघाले आणि पाहता पाहता लग्नाच्या वरातीत, उत्सवाच्या मंडपात व चहाच्या टपरीवर वाजू लागले.

या यशास केवळ नशिबाचा खेळ म्हणणे अन्यायाचे होईल. आनंद हे प्रल्हाद शिंदे यांचे चिरंजीव. आणि प्रल्हाददादांचा खडा, भरदार आवाज विठ्ठलाच्या भक्तिगीतांत, भीमगीतांत आणि कव्वालीच्या सामन्यांत सारख्याच अधिकाराने फिरत असे. देवनार, गोवंडी, चेंबूर, घाटकोपर या उपनगरी मुलखातील श्रमिकांच्या वस्त्यांतून १४ एप्रिलच्या, म्हणजे आंबेडकर जयंतीच्या, सुमारास गायन पार्ट्यांचे कार्यक्रम होत आले आहेत. पुढे मुख्य गायक, मागे ध्रुपद उचलून धरणारा कोरस, जोडीस पेटी व ढोलकी, आणि दोन कडव्यांमधली जागा भरून काढणारा बेंजो, असा हा सरंजाम असतो. अशा बैठकीत समोरचा श्रोता गायकाची परीक्षा तिथल्या तिथे घेतो. आवाज पडला की माणसे उठू लागतात. शिंदे घराण्याचे गाणे याच तालमीत घडले.

तथापि गुण असूनही दार उघडावे लागते, आणि ते कॅसेटने उघडले. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे, आणि ध्वनिमुद्रिकांच्या धंद्यावर एका बड्या कंपनीची दीर्घकाळ जवळजवळ मक्तेदारी होती. १९६३ साली फिलिप्सने आणलेली छोटी कॅसेट आपल्याकडे १९८० च्या सुमारास सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये दर बाजूस अर्धा तास मिळे, प्रती स्वस्तात निघत, आणि म्हणून लहान कंपन्याही लोकगीते, कोळीगीते, भीमगीते बाजारात आणू लागल्या. ज्या श्रोत्याची आवड आजवर कोणाच्या दप्तरी नोंदली गेली नव्हती, तो प्रथमच गिऱ्हाईक म्हणून मोजला गेला.

‘नवीन पोपट हा’ या गाण्याच्या उडत्या चालीस व खट्याळ शब्दांस उथळ म्हणून नाके मुरडली गेली. परंतु ज्या गळ्याने ते गाइले, त्याच गळ्याने भीमगीतेही तितक्याच निष्ठेने गाइली आहेत, हे विसरून केलेला न्याय अपुरा ठरेल. गाजलेल्या एका गाण्यावरून गायकाची किंमत ठरवू नये. वाचकांनी या घराण्याची भीमगीते एकदा स्वस्थपणे ऐकावीत आणि मगच आपले मत बनवावे.