पोपटाचे पिल्लू घरी आणण्यापूर्वी

काऊचा घास, चिऊचा घास असे म्हणत बालकाला भरविण्याची रीत मराठी घरांतून चालत आली आहे. परंतु खुद्द पक्ष्याच्या पिल्लाला भरविण्याची वेळ माणसावर येते तेव्हा तो खेळ राहत नाही. दिल्ली आणि तिच्या परिसरातील नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या नगरांत हौसेने विकत घेतली जाणारी पोपटाची पिल्ले कित्येकदा दोन-तीन आठवड्यांची असतानाच आईबापांपासून दूर केलेली आणि चमच्याने वा पिचकारीने भरवून वाढविलेली असतात. असे पिल्लू माणसाला भीत नाही, हाच त्याचा मोठा गुण समजला जातो. ते निरोगी आहे की नाही हा प्रश्न बहुधा मागाहून सुचतो.

त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. लोदी बागेतील झाडांवर कलकलाट करणारा आपला हिरवा राघू आणि खांद्यावर तांबडा डाग असलेला करण पोपट हे वन्य पक्षी होत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्यांना संरक्षण असून, देशी पक्ष्यांच्या व्यापारावर १९९०-९१ पासून बंदी आहे. तेव्हा ‘हातावर वाढलेला राघू’ म्हणून कोणी पिल्लू देऊ केले, तर तेथे प्रकृतीची चौकशी करण्याचे कारणच उरत नाही. ते बहुधा एखाद्या ढोलीतून चोरलेले असते. पुढील विवेचन विदेशी जातींविषयी आहे. त्यांतही आफ्रिकेतील करड्या पोपटासारख्या ज्या जाती आंतरराष्ट्रीय करारान्वये संरक्षित आहेत, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांप्रमाणे आवश्यक आहे. आपल्याकडे ज्याला सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात तो ऑस्ट्रेलियातील बजरीगर आणि तुरेवाला कॉकटिएल हे मात्र त्या करारात मोडत नाहीत.

पोपटाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा आंधळे, जवळजवळ उघडे आणि स्वतःची ऊब राखण्यास असमर्थ असते. नर-मादी आपल्या अन्नपुटातील मऊ झालेले अन्न त्याच्या चोचीत ओततात. या अन्नाला आईच्या शरीराची उष्णता असते, आणि पक्ष्यांचे शरीर माणसापेक्षा उष्ण, म्हणजे सुमारे ४० ते ४२ अंश सेल्सियस असते. माणसाने कालविलेली पेज याच उष्णतेची लागते. ती थंड असेल तर पिल्लू घास नाकारते, किंवा घेतलेला घास अन्नपुटात तसाच पडून राहतो. ती चार-पाच अंशांनीही अधिक उष्ण असेल तर अन्नपुटाची पातळ भिंत भाजते. ही इजा त्याच दिवशी दिसत नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. काही दिवसांनी छातीच्या वरच्या बाजूस खपली धरते, ती गळून पडते आणि भरविलेली पेज त्या भोकातून पिसांवर ओघळू लागते. तोवर विक्री होऊन गेलेली असते. म्हणून पेज ढवळून, उष्णतामापकाने मोजून दिली जाते की बोट बुडवून अंदाजाने, हे विक्रेत्याला विचारावे. शक्य झाल्यास एक भरविणे प्रत्यक्ष पाहावे.

त्या पाहण्याचा आणखी एक उपयोग आहे. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते. भुकेले पिल्लू मान हलवून स्वतः घास ओढते त्या वेळी ते बंद राहते. घाईने पिचकारी दाबली तर पेज फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होतो. श्वास घेताना शेपटी ठळकपणे वरखाली होणे, श्वासाबरोबर चुटचुट आवाज येणे, नाकपुड्यांवर पेज सुकलेली असणे, ही त्याची चिन्हे.

अन्नपुट मानेच्या बुडाशी, गळ्यापुढे, फुगीर पिशवीसारखे दिसते. चोवीस तासांतून एकदा, सामान्यतः रात्रीच्या विश्रांतीनंतर, ते पूर्ण रिकामे झाले पाहिजे. म्हणून पिल्लू पाहण्यास सकाळी, पहिल्या घासापूर्वी जावे. पिशवी त्या वेळीही कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली, किंवा चोचीला आंबूस वास आला, तर आत किण्व वा जिवाणू माजले आहेत, अथवा पिल्लाला ऊब पुरेशी मिळत नाही, असे समजावे. हिवाळ्यात दिल्लीचा पारा रात्री पाच अंशांच्याही खाली उतरतो. बिनपिसांच्या पिल्लाला तर तीस अंशांहून अधिक ऊब हवी असते. उन्हाळ्यात लू वाहू लागली की नेमके उलटे संकट येते. पिल्लू चोच उघडी ठेवून धापा टाकते.

हात लावण्याची परवानगी मिळाल्यास छातीचे मधले हाड चाचपावे. ते सुरीच्या पात्यासारखे वर आले असेल तर पिल्लू कृश आहे. डोके मोठे आणि अंग बारीक दिसणे हेही उपासमारीचे लक्षण होय. पाय दोन्ही बाजूंना फाकलेले असतील तर ते गुळगुळीत तळावर वाढले असण्याचा संभव आहे. असे पाय पहिल्या काही आठवड्यांतच सुधारता येतात. विष्ठेत हिरवट घट्ट भाग, पांढरा भाग आणि स्वच्छ पाणी असे तीन भाग दिसावेत. पांढरा भाग पिवळा वा हिरवा झाला असेल तर यकृताच्या विकाराची शंका घ्यावी.

तथापि डोळ्यांवर फार विसंबू नये. पक्षी आजार लपवितो. पिसे फुलवून तो बसून राहू लागला म्हणजे दुखणे बहुधा जुने झालेले असते. तराजू मात्र फसत नाही. प्रौढ कॉकटिएलचे वजन सुमारे ९० ग्रॅम असते. त्यातून दहा ग्रॅम कमी होणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे साडेसहा किलो घटणे. जो पालक रोज सकाळी वजन करून वहीत लिहितो, त्याच्याकडे ती वही मागावी. आकडे चढत गेलेले असावेत; स्वतः खाऊ लागण्याच्या सुमारास होणारी थोडी घट स्वाभाविक असते. कॉकटिएल आठ-दहा आठवड्यांत स्वतः खाऊ लागतो, करड्या पोपटाला तीन-चार महिने लागतात. त्यापूर्वी ‘तुम्हीच भरवा, म्हणजे लळा लागेल’ असे सांगून पिल्लू नवशिक्याच्या हाती देणे हा सल्ला नव्हे, विक्रेत्याची सोय आहे. वर सांगितलेले बहुतेक अपघात अशाच हातून घडतात.

काही रोग मात्र तराजूलाही कळत नाहीत. चोच आणि पिसे झडविणारा एक विषाणू तरुण पक्ष्यांत आढळतो. त्याला औषध नाही, पण रक्त वा पिसाच्या तपासणीत तो सापडू शकतो. दुसरा रोग सिटॅकोसिस, म्हणजे शुकरोग. सिटाकोस हे पोपटाचे ग्रीक नाव. १९२९-३० साली दक्षिण अमेरिकेतून बोटींनी आलेल्या पोपटांबरोबर हा रोग युरोप-अमेरिकेत पसरला आणि अनेक माणसे दगावली. त्याचा जिवाणू सुकलेल्या विष्ठेच्या धुळीतून श्वासावाटे शिरतो, आणि वरवर निरोगी पक्षीही तो बाळगून असतो. आज टेट्रासायक्लिन वर्गातील औषधांनी तो बरा होतो, मात्र निदान वेळीच व्हावे लागते.

चांदणी चौकाच्या तोंडाशी, लाल किल्ल्यासमोर, जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे एक धर्मार्थ रुग्णालय आहे. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत जखमी कबुतरे आणि राघू विनामूल्य बरे केले जातात व गच्चीवरून सोडून दिले जातात. पाळण्यासाठी घेतलेल्या विदेशी पिल्लाला मात्र पक्ष्यांच्या जाणकार पशुवैद्याकडे दोन-तीन दिवसांतच न्यावे. घरात दुसरा पक्षी असल्यास नव्याला निदान महिना-दीड महिना वेगळ्या खोलीत ठेवावे व त्याचे काम शेवटी करावे. पिंजरा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. घरातील कोणाला ताप, तीव्र डोकेदुखी आणि कोरडा खोकला एकदम सुरू झाला, तर घरात नुकताच पोपट आणला आहे, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.