प्रवासातील शस्त्र आणि कायदा

सोलापूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागात परवान्याची बंदूक ही नवलाची वस्तू नाही. कोणी ती पिकांच्या राखणीसाठी घेतलेली असते, कोणाकडे ती वडिलांकडून आलेली असते. परवान्याच्या कामी तपासणीसाठी, दुरुस्तीसाठी किंवा निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करण्यासाठी तिचा धारक तालुक्याला किंवा जिल्ह्याला निघतो. त्याच्यापाशी स्वतःचे वाहन असतेच असे नाही. साहजिकच तो एस.टी.त बसतो. शेजारच्या उतारूला बंदूक दिसते, गाडीत कुजबूज सुरू होते आणि पुढच्या थांब्यावर पोलीस चौकशीस येतात. अशा वेळी धारकाने, वाहकाने आणि पोलिसांनी कसे वागावे, याविषयी कायद्याच्या तरतुदी स्पष्ट आहेत. त्यांची माहिती नसल्यामुळेच साध्या चौकशीचे पर्यवसान पुष्कळदा कटू प्रसंगात होते.

परवाना आणि त्याच्या मर्यादा

शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी होत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीस ठेवता येणाऱ्या बंदुकांची सर्वसाधारण संख्या तीनवरून दोनवर आली. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे, हे त्यावर नमूद असते. जिल्ह्यापुरता परवाना असलेल्या धारकाने अक्कलकोटहून कलबुर्गीकडे किंवा बार्शीहून धाराशिवकडे निघण्यापूर्वी ही नोंद अवश्य वाचावी.

शस्त्र कसे न्यावे, हेही २०१६ च्या नियमांत सांगितले आहे. सार्वजनिक ठिकाणी बंदूक तिच्यासाठी बनविलेल्या आवरणात, पूर्णपणे झाकलेली आणि धारकाच्या प्रत्यक्ष ताब्यात असली पाहिजे. म्हणजेच ती सामानाच्या फळीवर टाकून डुलकी घेणे अथवा ‘जरा धरा’ म्हणून दुसऱ्याच्या हाती देणे योग्य नव्हे. बंदूक रिकामी करून काडतुसे वेगळी ठेवणे हा शहाणपणाचा मार्ग होय. रेल्वेने धोकादायक माल नेण्यापूर्वी लेखी सूचना द्यावी लागते. म्हणून दारूगोळा सोबत असल्यास सोलापूर स्थानकावर आधी चौकशी करणे इष्ट ठरेल.

आणखी एक अट विशेष महत्त्वाची आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसल्यास जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक समारंभ किंवा शिक्षणसंस्थेचे आवार येथे परवान्याचे शस्त्रही नेता येत नाही. पंढरपूरची वारी किंवा सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा यांस हा नियम लागू आहे. लग्नाच्या वरातीत आनंदाच्या भरात निष्काळजीपणे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हाही विचारात घ्यावा लागतो. हे अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नावनोंदणीचीही तरतूद या कायद्यात आहे.

कोयत्याचा प्रश्न

दिवाळीनंतर ऊसतोडीचे हंगामी मजूर जिल्ह्यात येतात. त्यांच्या बोचक्यात कोयते असतात. कोयता जवळ बाळगणे हा गुन्हा आहे काय, असा प्रश्न सरपंचांना वारंवार विचारला जातो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनविलेल्या वस्तू शस्त्र अधिनियमाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. तथापि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश जारी असेल, तर त्या क्षेत्रात काठी बाळगण्यासही बंदी असू शकते. म्हणून हंगामाच्या प्रारंभी असा आदेश जारी आहे काय, याची माहिती ग्रामपंचायतीने फलकावर लिहावी. मजुरांनी कोयत्याचे पाते गोणपाटात गुंडाळून न्यावे आणि मुकादमाने टोळीच्या कामाचा कागद जवळ ठेवावा.

चौकशीच्या वेळी

शस्त्र घेऊन जाणाऱ्या व्यक्तीकडे परवाना मागण्याचा अधिकार कलम १९ अन्वये पोलीस अधिकाऱ्यास आहे. परवाना न दाखविल्यास तो नाव व पत्ता विचारू शकतो आणि जरूर तर शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता नाकारल्यास किंवा तो खोटा असल्याचा संशय आल्यास वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते. म्हणून विचारणा होताच धारकाने शस्त्राला हात न लावता प्रथम तोंडी सांगावे, “माझ्याजवळ परवान्याची बंदूक आहे, परवाना खिशात आहे.” पिशवीत घाईने हात घालणे टाळावे.

कलम २० अन्वये, परवाना असो वा नसो, शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा सबळ संशय असेल, तर वाहनावर काम करणारी व्यक्तीही, म्हणजे एस.टी.चा वाहकसुद्धा, त्या इसमास अटक करू शकते. मात्र अटक केलेला इसम आणि शस्त्र विनाविलंब नजीकच्या पोलीस ठाण्याच्या स्वाधीन केले पाहिजे. वाहकाने स्वतः झटापट करण्यापेक्षा गाडी ठाण्याकडे नेणे, हेच उतारूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने हितावह होय.

कायद्याने नागरिकासही संरक्षण दिले आहे. संविधानाच्या अनुच्छेद २२ अन्वये अटकेची कारणे समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर केले जाण्याचा हक्क त्यास आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची स्पष्ट ओळख दिसली पाहिजे, तसेच झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण झाले पाहिजे. स्त्रीची झडती स्त्रीनेच, सभ्यतेचे भान राखून घ्यावयाची असते. शस्त्र जप्त झाल्यास पंचनाम्यात त्याचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर नोंदली आहे, हे धारकाने पाहून घ्यावे.

ही माहिती गावातील प्रत्येक परवानाधारकापर्यंत आणि मजुरांच्या प्रत्येक टोळीपर्यंत पोचणे अगत्याचे आहे. ग्रामसभेत तिचे वाचन व्हावे, शिक्षकांनी ती पालकांना समजावून सांगावी आणि पोलीस पाटलांनी शंकांचे निरसन करावे. एस.टी.तील बंदुकीमुळे कोणा उतारूचा जीव धोक्यात येऊ नये आणि कोयता घेऊन कामावर निघालेल्या मजुराचा दिवस विनाकारण पोलीस ठाण्यात जाऊ नये, या दोन्ही गोष्टी कायद्याला सारख्याच अभिप्रेत आहेत.