कापलेली नळी आणि एक कागद: जुनी पोलिसी रिव्हॉल्व्हरं जमवणाऱ्यांची दुनिया

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे अडखळे काढले आहेत, बाकी जसंच्या तसं.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या मेलमुळे सुचला. हे मूळचे नाशिकचे, गेली बरीच वर्षं टेक्सासमध्ये, ग्रीन कार्ड झालेलं. तिथे शनिवार-रविवारी मोठमोठ्या हॉलमध्ये बंदुकांचे बाजार भरतात, ‘गन शो’ म्हणतात त्यांना. अशाच एका बाजारात त्यांना एक ओबडधोबड दिसणारं कोल्ट रिव्हॉल्व्हर दिसलं. नळी अगदी आखूड, चापाभोवतीची कडी पुढून कापलेली, घोड्याचं शेपूट गायब. त्यावर चिठ्ठी होती ‘फिट्झ स्पेशल’, आणि किंमत शेजारच्या धडधाकट कोल्टच्या कितीतरी पट. त्यांचा प्रश्न साधा होता: ‘मोडकं जास्त महाग कसं? आणि हे खरं असेल का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यावर हा अख्खा छंद उभा आहे.

आधी शब्द नक्की करू, कारण मुंबईत ‘घोडा’ म्हटलं की लोक अख्खी बंदूकच समजतात. इथे घोडा म्हणजे मागचा तो भाग, जो पुढे आपटतो आणि काडतूस उडतं. चाप म्हणजे बोटाने ओढायचा तो. आणि चापाभोवती जी गोल पट्टी असते, तिला मी कडी म्हणतोय.

तर, जॉन हेन्री फिट्झगेराल्ड, ज्याला सगळे ‘फिट्झ’ म्हणत, हा कोल्ट कंपनीचा माणूस. 1918 ते 1944 कंपनीत होता. पोलिसांना नेमबाजी शिकवायची, स्पर्धांना जायचं, लोकांची रिव्हॉल्व्हरं तपासून द्यायची, असं त्याचं काम. त्या काळी साध्या वेशातल्या पोलिसाची अडचण काय होती? चार-सहा इंची नळीचं रिव्हॉल्व्हर खिशात मावत नाही, आणि मावलं तरी काढताना घोड्याचं टोक कोटाच्या अस्तरात अडकतं. फिट्झने उपाय काढला तो कानशीचा आणि करवतीचा. नळी दोन इंचांवर आणली. घोड्याचं टोक उडवलं. मूठ आखूड करून गोल केली. आणि कडीचा पुढचा भाग कापून टाकला, म्हणजे हातमोजा घातलेलं बोटसुद्धा थेट चापावर जाईल. तो स्वतः पुढच्या दोन खिशांत अशी दोन बाळगायचा.

हे धोक्याचं आहे की नाही? आहेच. कडी कशासाठी असते, तर भलतंच काही चापाला लागू नये म्हणून. तीच कापली तर खिशातली किल्लीसुद्धा चापाशी खेळू शकते. आज कुठलाही शहाणा प्रशिक्षक हे करायला सांगणार नाही. पण 1927 मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ बाजारात आणलं, तेव्हा त्यामागे फिट्झचे हे प्रयोग होते असं मानलं जातं. म्हणून संग्राहक त्याच्या हातच्या कापाकापीला पैसे मोजतात.

आता गंमत बघा. जुन्या वस्तूंच्या जगात नियम असा की हात लावलात की किंमत गेली. पुन्हा पॉलिश केलं, नळी कापली, मूठ बदलली, की संपलं. हाच नियम फिट्झच्या बाबतीत उलटा होतो. पण फक्त फिट्झच्या. तीच कापाकापी 1950 मध्ये कुणा गल्लीतल्या कारागिराने केली असेल, तर ते बिघडवलेलं कोल्ट. लोखंड तेच, कापही तसाच. फरक फक्त हात कुणाचा एवढाच, आणि हात लोखंडावर दिसत नाही.

काही खुणा दिसतात म्हणा. नळीचं तोंड नीट गोल केलंय की करवतीच्या रेघा आहेत, पुढची माशी सरळ बसवलीय की तिरकी, कापलेल्या कडीच्या कडा बोटाला लागतात की गुळगुळीत आहेत. यावरून वाईट नक्कल पकडता येते. चांगली नक्कल नाही.

मग उरतो कागद. कोल्टच्या दप्तरात जुन्या नोंदी आहेत. तुम्ही अनुक्रमांक पाठवायचा, फी भरायची, आणि कंपनी पत्र पाठवते: हे रिव्हॉल्व्हर अमुक तारखेला बाहेर पडलं, नळी इतकी, रंग असा, अमक्याला पाठवलं. स्मिथ अँड वेसनसाठीही अशी पत्रं मिळतात. पत्रात ‘नळी चार इंच, पाठवलं हार्डवेअरच्या दुकानात’ असं आलं, तर विक्रेत्याची गोष्ट डळमळली. तरी पूर्ण खोटी ठरली असं नाही, कारण रिव्हॉल्व्हर नंतर दुरुस्तीला परतही गेलेलं असू शकतं. पण शंकेचा फायदा घेणाऱ्याने का द्यावा? माझं मत स्पष्ट आहे, कागद नसेल तर कापलेल्या कोल्टची किंमत कापलेल्या कोल्टइतकीच.

कागद आणि रिव्हॉल्व्हर दोन्ही जोडीनं जन्मलेलं एक उदाहरण आहे. 1935 मध्ये स्मिथ अँड वेसनने .357 मॅग्नम काढलं. सुरुवातीला ते मागणीप्रमाणे बनायचं: नळी साडेतीन ते पावणेनऊ इंच, तुम्ही सांगाल तेवढी, माशी आणि मूठ तुमच्या पसंतीची. सोबत मालकाच्या नावाचं नोंदणीपत्र, आणि आत नोंदणी क्रमांक ठोकलेला. पहिलं गेलं एफबीआयच्या जे. एडगर हूवरना. मंदीच्या दिवसांत किंमत 60 डॉलर, तरी कॅन्सस सिटीच्या पोलिसांनीही ती घेतली. आज ‘रजिस्टर्ड मॅग्नम’ म्हटलं की संग्राहक आधी विचारतो, पत्र आहे का?

साध्या शिपायाच्या रिव्हॉल्व्हरची गोष्ट वेगळी. 1896 मध्ये थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या पोलीस मंडळाचे अध्यक्ष होते. तोवर प्रत्येक जण मनाला येईल ते हत्यार बाळगायचा. त्यांनी सगळ्यांसाठी .32 चं कोल्ट ‘न्यू पोलीस’ ठरवलं. पुढे .38 स्पेशलचा जमाना आला. स्मिथ अँड वेसनचं ‘मिलिटरी अँड पोलीस’, ज्याला 1957 पासून मॉडेल 10 म्हणतात, साठ लाखांहून जास्त बनलं. न्यूयॉर्कमध्ये 1993 मध्ये नव्या पोलिसांना पिस्तुलं मिळू लागली, तरी जुन्यांपैकी काहींच्या कमरेला रिव्हॉल्व्हर 2018 पर्यंत होतं.

अशी हत्यारं बाहेरून झिजलेली आणि आतून कोरी असतात. वीस वर्षं चामड्याच्या म्यानात घासून नळीच्या टोकाचा निळा-काळा रंग गेलेला, पण गोळ्या झाडल्या त्या सरावातल्याच. जुन्या स्मिथमध्ये मुठीच्या बुडाचा, सिलिंडरवरचा आणि नळीखालचा अनुक्रमांक जुळतो का ते बघतात. पाठीवर खात्याची अक्षरं ठोकलेली असतात. एकेकाळी लोक ती घासून काढायचे. आता त्याच अक्षरांना भाव आहे, म्हणून ती नव्याने ठोकणारेही आहेत! इथेही परत कागदच.

एक गोष्ट मात्र छंदाच्या भरात विसरली जाते. ही रिव्हॉल्व्हरं बाजारात आली कशी? पोलीस खाती जुनी हत्यारं विक्रेत्याला देऊन नव्यांवर सूट घेतात. तिथून ती कुणाच्याही हाती. 2024 मध्ये अमेरिकी पत्रकारांनी सरकारी नोंदी मिळवून दाखवलं की 2006 नंतर 52 हजारांहून जास्त एकेकाळची पोलिसी हत्यारं गुन्ह्यांच्या तपासात सापडली. म्हणून काही शहरं ती वितळवून टाकतात. संग्राहक हळहळतो. मला विचाराल तर मॉडेल 10 साठ लाख आहेत, काही भट्टीत गेली तर इतिहास बुडत नाही. नोंद ठेवा आणि वितळवा. यावर मला मेल येणार आहेत, येऊ देत.

भारतातले श्रोते विचारतील, आपल्याकडे? आपल्याकडे परवाना लागतो, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं. त्यामुळे हा छंद इथे पुस्तकांत आणि संग्रहालयांतच. अमेरिकेतही सगळं मोकळं नाही. पन्नास वर्षांवरच्या हत्यारांसाठी संग्राहकाचा वेगळा परवाना असतो, पण वस्तू मूळ रूपात असावी लागते. म्हणजे कुणी गल्लीत कापलेलं कोल्ट तिथेही अडू शकतं.

नाशिककर श्रोत्याला मी एवढंच कळवलं की सौदा पत्रावर ठेवा. पत्र जुळलं तरच पूर्ण पैसे. त्यांनी विचारलं, तर विक्रेता म्हणाला, ‘ज्याच्याकडून मी घेतलं, तो फिट्झला ओळखणाऱ्या एकाला ओळखत होता.’ पत्राची अट काही त्याला मान्य झाली नाही. परवा त्यांचा पुन्हा मेल आला. कापलेलं कोल्ट तिथेच राहिलं. शेजारच्या टेबलावरचं, पाठीवर एका छोट्या गावच्या पोलीस खात्याची अक्षरं असलेलं मॉडेल 10 त्यांनी साध्या भावात घेतलं, आणि अनुक्रमांक पाठवून पत्राची फी भरलीय. आलं की फोटो पाठवतो म्हणालेत.