सर्व्हर मेसेज ब्लॉक

सर्व्हर मेसेज ब्लॉक (लघुरूप: एसएमबी) हा स्थानिक जाळ्यातील संगणकांना परस्परांच्या फाइली व प्रिंटर वापरू देणारा नियमसंच आहे. घरातील दोन संगणकांवर विंडोजच्या भिन्न आवृत्त्या असल्यास त्यांची जोडणी होण्यासाठी एसएमबीची किमान एक आवृत्ती दोहोंना येणे आवश्यक असते. विंडोज एक्सपीला केवळ एसएमबी १ येते. व्हिस्टासोबत एसएमबी २ आणि विंडोज ८ सोबत एसएमबी ३ आली.

व्हिस्टा व विंडोज ७ यांना जुनी आवृत्तीही येत असल्याने एक्सपीशी त्यांचे सहसा जुळे. अडचण बहुधा किरकोळ असे: एक्सपी होमच्या कार्यगटाचे मूळ नाव 'एमएसहोम', तर व्हिस्टाचे 'वर्कग्रुप'. विंडोज ७ मधील 'होमग्रुप' सुविधेत मात्र एक्सपी व व्हिस्टाला प्रवेश नव्हता. २०१८ मध्ये ती विंडोज १० मधून काढण्यात आली.

मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर एसएमबी १ च्या विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेऊन जगभर पसरले. त्याच वर्षीच्या विंडोज १० आवृत्ती १७०९ च्या नव्या स्थापनेत एसएमबी १ चा सर्व्हर भाग वगळलेला असतो. होम व प्रो संस्करणांत क्लायंट भाग ठेवला गेला, पण एकूण पंधरा दिवस वापर न झाल्यास तोही आपोआप निघून जातो. म्हणूनच सुरुवातीला उघडणारे एक्सपीवरील फोल्डर काही आठवड्यांनी, कोणीही काही न बदलता, उघडेनासे होऊ शकते.

'विंडोज फीचर्स'मधून एसएमबी १ पुन्हा सुरू करता येते. परंतु त्यामुळे नव्या संगणकालाही जुना धोका लागू होतो. फाइली क्वचितच न्यायच्या असल्यास पेनड्राइव्ह अधिक सुरक्षित ठरतो.