तीन आकडे, दोन टिंबं: सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक कसा वाचायचा

विषय सॉफ्टवेअरचा असला तरी सुरुवात जमिनीच्या कागदापासून करू. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात ज्यांनी फ्लॅट घेतला आहे त्यांनी करारनाम्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर पाहिला असेल. समजा, सर्व्हे नंबर ४५. त्याचे हिस्से पडले: ४५/१, ४५/२, असं करत ४५/९. पुढचा हिस्सा कोणता? ४५/१०. इथे कोणी म्हणत नाही की ४५/१० म्हणजे ४५/१च, शेवटचं शून्य काय, लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय. ते शून्य खोडलं तर दुसऱ्याच्याच जमिनीचा उतारा हातात येईल.

सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा क्रमांक नेमका असाच वाचायचा असतो. गोंधळ होतो तो टिंबामुळे. तिरकी रेघ दिसली की आपल्याला सातबारा आठवतो, टिंब दिसलं की शाळेतले दशांश अपूर्णांक. पण ३.९ नंतर ३.१० येतं, आणि ते ३.९ पेक्षा मोठं असतं. टिंब इथे फक्त कप्पे वेगळे करतं, त्याचा दशांशाशी काही संबंध नाही.

ही चूक माणसंच करतात असं नाही. पायथन या भाषेची ३.१० ही आवृत्ती ऑक्टोबर २०२१ मध्ये आली, तेव्हा भल्याभल्यांच्या कॉन्फिगरेशन फाइली अडखळल्या. यामल प्रकारच्या फाइलीत अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं की वाचणारा प्रोग्राम ती संख्या समजतो, शेवटचं शून्य टाकून देतो आणि ३.१ मागायला जातो. ती आवृत्ती २००९ सालची! म्हणून क्रमांक अवतरणात ठेवायचा, मजकूर म्हणून. एक्सेलमध्ये आवृत्त्यांची यादी ठेवणाऱ्यांनीही तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा.

आता तीन कप्प्यांकडे वळू. सध्या सर्वांत रूढ असलेली पद्धत ‘सिमँटिक व्हर्जनिंग’ या नावाने ओळखली जाते. गिटहबच्या संस्थापकांपैकी एक, टॉम प्रेस्टन-वर्नर, यांनी ती नियमात बांधली. त्या नियमावलीलाही स्वतःचा क्रमांक आहे, २.०.०, आणि ती २०१३ सालची. समजा क्रमांक आहे ४.७.२. शेवटचा दोन वाढून तीन झाला तर फक्त दुरुस्ती झाली, तुमचं चालू काम जसंच्या तसं चालेल. मधला सात वाढून आठ झाला तर काही नवं आलं, पण जुनं मोडलेलं नाही. पहिला चार वाढून पाच झाला की थांबायचं आणि वाचायचं, कारण आधी चालत होतं ते आता तसंच चालेल याची हमी संपली.

मराठी पुस्तकांच्या बाबतीत ही सोय आपल्याला फारशी मिळत नाही. ‘तिसरी आवृत्ती’ असं छापलेलं असतं. आत पाहावं तर कधी दोन नवी प्रकरणं, कधी नुसतं पुनर्मुद्रण आणि वाढलेली किंमत. सॉफ्टवेअरवाल्यांनी निदान हा फरक क्रमांकातच सांगायचा प्रयत्न केला, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

याच नियमावलीतला आणखी एक नियम उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला लगेच पटेल. एकदा क्रमांक देऊन आवृत्ती बाहेर पाठवली की त्या क्रमांकाखालचा मजकूर बदलायचा नाही. चूक सापडली तर नवा क्रमांक काढायचा. जीएसटीच्या बिलाचं तसंच नाही का? बिल क्रमांकाने फाडलं, गिऱ्हाइकाकडे गेलं. आता रक्कम चुकली म्हणून त्याच क्रमांकाचं दुसरं बिल छापता येत नाही, क्रेडिट किंवा डेबिट नोट काढावी लागते. दोघांकडे एकाच क्रमांकाचे दोन वेगळे कागद असले की कोणाचा खरा, हा वाद सुरू.

आपल्या भागाला थेट लागू पडणारं उदाहरण घेऊ. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीचं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ऋषभ मेहता यांनी घरच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून त्याची सुरुवात केली, आणि आज लहान-मध्यम कारखान्यांची खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब त्यावर चालतात. आवृत्ती १३ आली २०२१ मध्ये, १४ आली २०२२ मध्ये, १५ आली २०२३ मध्ये.

समजा, आनंदनगर एमआयडीसीत वीस-पंचवीस कामगारांचा एक कारखाना आहे. त्यांचं सगळं काम १३ वर सुरळीत चाललं आहे, पगार त्यातच, जीएसटी त्यातच. १३ ते १४ म्हणजे एकाचा फरक. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, वर्षभराच्या लहानसहान सुधारणा असतील. पण या एका आकड्यात दोन मोठ्या गोष्टी झाल्या. मनुष्यबळ आणि पगाराचा विभाग मुख्य सॉफ्टवेअरमधून काढून ‘फ्रॅपे एचआर’ या स्वतंत्र अ‍ॅपमध्ये नेला गेला. भारतीय जीएसटीचा भागही बाहेर काढून ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या अ‍ॅपमध्ये गेला. म्हणजे १४ बसवताना ही दोन अ‍ॅप्स सोबत बसवणं आलं. आता कल्पना करा, महिन्याची १० तारीख आहे, दर महिन्याला भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ ला संपते, आणि कोणीतरी उत्साहाने संध्याकाळी १४ बसवलं. अकाउंटंट नेहमीच्या ठिकाणी जीएसटीचा रिपोर्ट शोधतो आहे, आणि रिपोर्ट तिथे नाही.

यात फसवणूक कोणाची झाली? आमच्या मते कोणाचीच नाही. पहिला आकडा बदलला, म्हणजे ‘आधी वाचा’ हे सांगून झालं होतं. व्यवस्थाही तशीच केलेली आहे: रोजचा ‘बेंच अपडेट’ हा आदेश तुम्हाला १३ च्या फांदीवरच ठेवतो, १३ मधल्याच दुरुस्त्या आणतो. १४ वर जायचं तर फांदी बदलण्याचा वेगळा आदेश, १४ चं नाव घेऊन द्यावा लागतो. कल्याणला उतरून गाडी बदलल्याशिवाय कोणी कसाऱ्याला पोचत नाही, तसंच. शिवाय खालचं फ्रॅपे फ्रेमवर्क आणि वरचं ईआरपीनेक्स्ट यांचा पहिला आकडा जुळावा लागतो. एक १३ आणि एक १४ असं चालत नाही. म्हणून मोठा आकडा बदलायचा तो बॅकअप घेऊन, वेगळ्या यंत्रावर चालवून पाहून, आणि विवरणपत्रांच्या तारखा टाळून.

सगळेच प्रकल्प हे नियम पाळतात असं मात्र नाही. लिनक्स कर्नल २.६.३९ वरून जुलै २०११ मध्ये एकदम ३.० झालं. क्रांती वगैरे काही नव्हती, आकडे फार लांबत चालले होते म्हणून लिनस टॉरवाल्ड्स यांनी पुढचा घेतला. त्यानंतर ४.०, ५.० आणि ६.० सुद्धा असेच आले. उबुंटू तर सरळ तारीखच लावतं: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. २००६ साली एप्रिलची आवृत्ती लांबून जूनमध्ये आली, तर तिचं नाव ६.०६ झालं. आम्हाला ही पद्धत प्रामाणिक वाटते. काही मोडेल की नाही ते ती सांगत नाही, पण तुमच्याकडचा माल किती जुना आहे ते लगेच कळतं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पूर्वी ९.५ ते ९.६ हीच मोठी उडी असायची, पहिला नऊ तसाच. लोक गोंधळायचे, म्हणून २०१७ मध्ये त्यांनी १० पासून सरळ पूर्ण आकडे धरले. आणि डोनाल्ड क्नुथ यांच्या टेक्सची गंमत वेगळीच. दर दुरुस्तीला त्याचा क्रमांक पायच्या किमतीकडे एका अंकाने सरकतो; २०२१ मध्ये तो ३.१४१५९२६५३ झाला. इथे मात्र टिंब खरोखर दशांशचिन्ह आहे, म्हणजे आम्ही आत्ता सांगितलेल्या नियमाला अपवाद.

क्रमांक नीट वाचता येणं केव्हा अगदी तातडीचं होतं, याची दोन उदाहरणं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीत भयंकर दोष उघड झाला. जगभर धावपळ. २.१५.० आली, ती अपुरी पडली, मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळं त्याच महिन्यात. ‘आम्ही अपडेट केलं’ या वाक्याला त्या दिवसांत अर्थच नव्हता. कोणत्या आकड्यापर्यंत केलं, हे सांगावं लागत होतं.

दुसरं मार्च २०२४ चं. एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मागचं दार बसवून ठेवलं होतं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगइनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं जाणवलं, आणि त्या धाग्याने प्रकरण उघडकीला आलं. आता डेबियनसमोर पेच असा: लोकांना जुन्या, सुरक्षित ५.४.५ वर परत न्यायचं, पण अपडेट करणारी यंत्रणा फक्त मोठ्या क्रमांकाकडे जाते, मागे येत नाही. त्यांनी नव्या पॅकेजला क्रमांक दिला ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे पाटी ५.६.१ च्या पुढची, आत माल ५.४.५ चा, आणि तसं पाटीवरच लिहिलेलं! कारकुनी वळणाचा हा उपाय आम्हाला फार आवडतो. त्याच प्रसंगाने हेही दाखवलं की सर्वांत नवा आकडा म्हणजे सर्वांत सुरक्षित असं गृहीत धरता येत नाही.

व्याख्यानानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं: आम्ही कॉलेजचा प्रोजेक्ट गिटहबवर टाकतोय, त्याला १.०.० द्यायचा का? उत्तर: अजून नको. ०.१.० पासून सुरू करा. पहिला आकडा शून्य असेपर्यंत काहीही, केव्हाही बदलू शकतं, हे नियमावलीतच मान्य केलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला मोकळीक आणि वापरणाऱ्याला सूचना. तुमच्याशिवाय दुसरं कोणी ते खऱ्या कामाला वापरू लागलं, आणि बदल करताना त्या माणसाचा विचार करणं भाग पडलं, की १.०.० द्या. प्रत्येक क्रमांकासोबत काय बदललं याच्या चार ओळी लिहा. मराठीत लिहिल्या तरी चालतील, पण लिहा.

मागच्या रांगेतून प्रश्न आला: दुकानातल्या बिलिंग सॉफ्टवेअरला मदत मागताना काय सांगायचं? ‘लेटेस्ट आहे’ असं सांगू नका; समोरच्याच्या लेटेस्टमध्ये आणि तुमच्या लेटेस्टमध्ये सहा महिन्यांचं अंतर असू शकतं. ‘अबाउट’चा स्क्रीन उघडा आणि तिन्ही आकडे, दोन्ही टिंबांसकट, वाचून दाखवा. शेवटी शून्य असेल तर तेही.