पत्ता एक, मॅनेजर शंभर

१९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेल्या ‘हॅटट्रिक’ या ऑनलाइन खेळात मैदानात उतरायचं नसतं. फुटबॉल संघ सांभाळायचा, सराव ठरवायचा, बोली लावून खेळाडू घ्यायचे-विकायचे. लबाडी घुसते ती या बोलीतून. एखादा पठ्ठ्या खोट्या नावाने दुसरा संघ काढतो, त्याच्या तिजोरीतून आपल्याच उताराला लागलेल्या बचावपटूसाठी अव्वाच्या सव्वा बोली लावतो आणि तिजोरी रिकामी झाली की तो संघ वाऱ्यावर सोडून देतो.

संगणकशास्त्रात याला ‘सिबिल हल्ला’ म्हणतात. ओळखीची खात्री देणारी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर एकाच माणसाची अनेक सोंगं व्यवहारात रोखता येत नाहीत, हे मायक्रोसॉफ्टच्या जॉन डाउसर यांनी २००२ साली मांडलं.

दोन खाती एकाच आयपी पत्त्यावरून आली की संशय घ्यायचा, ही सगळ्यात सोपी युक्ती. नालासोपाऱ्यात ती सपशेल आपटते. आयपीव्ही४ पद्धतीत साऱ्या जगासाठी पत्ते जेमतेम ४२९ कोटी. ते पुरत नाहीत म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआडून बाहेर सोडतात. प्रत्येक पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. कोणाचं उत्तर कोणाच्या घरी धाडायचं, हे कंपनीचं यंत्र पोर्टच्या आकड्यावरून ओळखतं. खेळाच्या सर्व्हरला मात्र दिसतो तो पत्ता. २०११च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरारमध्ये किती निरपराध असे ‘एका घरचे’ ठरतील! विरार लोकलमध्ये लटकलेले दोन अनोळखी प्रवासीसुद्धा. उलट आगाशीत घरी बसून एका खात्याला वायफाय आणि दुसऱ्याला मोबाइल डेटा वापरणारा बेमालूम सुटतो.

पॅन कार्ड मागावं, तर तो उपाय पैसे लावून खेळायच्या फँटसी क्रिकेटमध्ये चालून गेला. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. फुकटच्या खेळासाठी पॅन कोण देणार? आणि घरात आई-बाबांचं, आजीचं पॅन असतंच की.

म्हणून माझ्या मते पत्त्यापेक्षा पैशाचा माग काढावा. प्रत्येक संघ एक बिंदू, प्रत्येक सौदा एक बाण. एकाच वायफायवरचे सख्खे भाऊ प्रामाणिक असतील, तर त्यांचे बाण बाजारभावाने चहूकडे जातात. बनावट संघाचे बाण बहुतेक एकाच दिशेला, तेही फुगवलेल्या किमतीचे. हुशार लबाड मध्ये तिसरा, चौथा संघ घालतो. साखळी लांबते खरी, पण पैसा पुढे सरकवायला दर टप्प्यावर कोणाला तरी वाजवीपेक्षा जास्त मोजावेच लागतात आणि प्रत्येक सौदा वेळेसकट सर्व्हरवर नोंदलेला असतो.